उजेडाची जागा

बरबँकला, तिसऱ्या मजल्यावर,
आम्ही नऊ दिवस नुसती माणसं बघतोय.
सिनेमा लॉइड हॅलोरनवरचा.
हॅलोरन मिळालाय : बत्तीस वर्षांचा, दात नवे,
मानधन आम्हा सगळ्यांच्या बेरजेहून मोठं.
राहिलाय तो स्टुडिओचा डॉक्टर.
दोन पानं. एक इंजेक्शन, एक खोटं,
आणि जाताना दार हळू लावून घेणं.

अडीचला वार्तान केशिशियान आला.
ग्लेनडेलहून, स्वतः गाडी चालवत, ऐंशीला दोन कमी.
पडद्यावर नाव व्हिक कॅश.
नाव ऐकून कुणाला काही आठवत नाही,
चेहरा दिसला की सगळे म्हणतात, अरे, हा तर तो!
आणि तो म्हणजे कोण, ते जिभेवर येऊन अडतं.
माझ्याकडच्या कागदावर एकशे ब्याऐंशी भूमिका.
त्यातल्या एकोणचाळिसांना नावं आहेत.
बाकी टॅक्सीवाला, दुसरा टॅक्सीवाला,
लिफ्टमधला माणूस.
बऱ्याचदा तो पहिल्या दहा मिनिटांत मरतो.
‘एकदा तर,’ तो म्हणाला, ‘पाट्या सुरू व्हायच्या आधीच.’

कोल्टननं फोनवरून मान न उचलता विचारलं,
हॅलोरनचे सिनेमे बघितलेत का?
‘बघितले थोडे. उभा राहिलोय बऱ्याच.’

मग सांगितलं. सहासष्ट साल. तो वीस वर्षांचा.
उंची तीच, खांदे तेच, म्हणून उभं करायचे
जमिनीवरच्या खडूच्या खुणेवर, हॅलोरनचा कोट घालून.
दोन-दोन तास दिवे लावणं चालायचं,
कपाळावर किती, नाकाची सावली कुठे.
‘मग साहेब यायचे. मी बाजूला व्हायचो.
उजेड तिथेच राहायचा.
कोट अंगात घालताना म्हणायचे, बरं झालं पोरा, ऊब आहे.
तीन सिनेमे नाव विचारलं नाही.
चौथ्यात विचारलं, आणि चुकीचं ऐकलं.
व्हिक, म्हणाले.
म्हटलं, असू दे. हे निदान दारावर मावेल.’

पेत्रानं पानं पुढे केली. हॅलोरनची वाक्यं वाचायला मी,
कारण खोलीत दुसरं कुणी रिकामं नव्हतं.
त्यानं माझ्या टेबलावरचं पेन घेतलं, सुईसारखं धरलं,
खाली न बघता दोन पावलं डावीकडे सरकला
आणि माझा दंड हातात घेतला,
इतका सावकाश, की मी खरंच बाही वर केली.
‘उद्या सकाळी उभे राहाल तुम्ही,’ तो म्हणाला.
खोटं बोलतोय हे मला कळलं,
आणि त्याला कळू नये म्हणून मी हसले.
हसू पानावर लिहिलेलं नव्हतं.

नंतर चित्रफीत बघितली तेव्हा दिसलं :
खिडकीचं सगळं ऊन माझ्या तोंडावर,
आणि तो, ज्याची परीक्षा होती,
पाठमोरा, अर्धा अंधारात.

कोल्टन म्हणाला, चेहराच दिसत नाही याचा.
पेत्रा काही बोलली नाही. फीत मागे नेली, परत लावली.
परत.

जाताना त्यानं पार्किंगची चिठ्ठी पुढे केली.
शिक्क्याची शाई वाळलेली. मी तीनदा दाबला.
‘राहू दे,’ म्हणाला, ‘खाली पहारेकऱ्याला माझा चेहरा ठाऊक आहे.
नाव विचारू नकोस म्हणजे झालं.’

सात वाजून गेल्यावर फोन मी केला.
पलीकडे भांड्यांचा आवाज, कुणी तरी आर्मेनियनमध्ये रागावत होतं.
सांगितलं, डॉक्टर तुम्ही.
बराच वेळ नळ वाहत राहिला. मग बंद झाला.

‘मरतो का हा?’

नाही, म्हटलं. दार लावून जातो.

‘आतून की बाहेरून?’ त्यानं विचारलं,
आणि मला पान शोधावं लागलं.